सोसायटीच्या फांद्या आणि पेट्रोलवरचा चिपर

मे २०२४ मध्ये पुण्यात आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी झाली आणि मागच्या गेटपाशी फांद्यांचा असा डोंगर झाला की पाण्याचा टँकर आत वळेना. झाडं म्हणजे दोन जुने पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, करंज, चार आंबे, कंपाउंडला ओळीने अशोक आणि न लावता आलेली सुबाभूळ. पुढचं वर्षभर त्या डोंगरावर उपाय शोधण्यात गेलं. शेवटी आम्ही पेट्रोलवर चालणारा चिपर, म्हणजे फांद्या कातरून त्यांच्या ढलप्या करणारं मशीन, घेतला. घेण्याआधी मला मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, इंजिनियर नाही. त्यामुळे यातली यांत्रिक माहिती मॅन्युअल वाचून, मेकॅनिकला भंडावून आणि मशीन चालवून जमवलेली आहे.

आधी परवानगीचं सांगते, कारण मशीन घरचं असलं तरी हा टप्पा चुकत नाही. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांना १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. फांद्या छाटण्यासाठीही आम्ही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. अर्जाला प्रत्येक झाडाचा फोटो, झाडांचा हाताने काढलेला नकाशा आणि कमिटीच्या ठरावाची प्रत जोडली. नकाशा कुणी मागितला नव्हता, पण पाहणीला आलेल्या साहेबांचं काम त्याने निम्मं झालं. त्यांनी पहिला प्रश्न केला तो झाडांच्या वयाचा. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. आमची सोसायटी १९७१ची आणि पर्जन्यवृक्ष बहुधा तेव्हाचेच, त्यामुळे त्या दोघांच्या कुठल्या फांद्या काढायच्या हे एकेक दाखवून ठरलं. अर्ज ते पत्र यात जवळजवळ महिना गेला, म्हणून आता आम्ही मार्चच्या सुरुवातीलाच अर्ज टाकतो. छाटणीच्या आदल्या दिवशी झाडांवर घरटी आहेत का तेही बघून घेतो. एका आंब्यावर कावळ्याचं घरटं होतं, तो आंबा राहिला.

छाटणीवाले फांद्या खाली पाडतात आणि जातात. टेम्पोवाल्याने एका खेपेचे ३,८०० रुपये सांगितले आणि फांद्या पसरट असल्यामुळे टेम्पो पाऊण रिकामा असूनही भरल्यासारखा दिसायचा. थोडक्यात, आपण हवा वाहून नेण्याचे पैसे देत होतो. रोजचा ओला-सुका कचरा नेणाऱ्या ताई हे नेत नाहीत आणि त्यांनी न्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या घनकचरा नियमांप्रमाणे बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची होती. ‘एक काडी लावा, संध्याकाळपर्यंत राख’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, तसे आमच्याकडेही आहेत. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे, हे मी त्यांना छापून दाखवलं. त्यानंतर काका गप्प झाले, पण पटलं असं म्हणता येणार नाही.

मग मशीनचा शोध. विजेवरची लहान मशीन स्वस्त आणि कमी आवाजाची असतात, पण ती अंगठ्याएवढ्या, फार तर दीड इंचाच्या डहाळ्यांसाठी. शिवाय आमची झाडं मीटर-रूमपासून लांब, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या गवतातून केबल ओढणं आलं. ते मला नको होतं. ट्रॅक्टरला जोडायची मशीन आपल्या कामाची नाहीत. डिझेलवरची जड. उरलं पेट्रोल.

डिसेंबरमध्ये पुण्याजवळ मोशीला किसान हे शेतीचं प्रदर्शन भरतं, तिथे एकाच दिवसात बरीच मशीन हात लावून बघता येतात. मी माळीकाकांना बरोबर घेऊन गेले. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण मी माहितीपत्रकं वाचत होते आणि काका मशीनच्या तोंडात डोकावत होते. प्रत्येक स्टॉलवर दाखवायला सुबाभळीच्या सरळसोट काठ्या ठेवलेल्या. काठी आत सरकवली की सेकंदात ढलप्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, आपल्याकडे अशी एक तरी फांदी आहे का?”

तिथून माझी मशीन बघायची पद्धतच बदलली. विकणारा दोन आकडे सांगतो: इंजिन किती हॉर्सपॉवरचं आणि फांदी किती जाडीपर्यंत चालते. ‘चार इंच’ म्हणजे ताजी, सरळ, मऊ लाकडाची चार इंच. गुलमोहराची फांदी दोन इंचांचीच असते, पण तिला तीन दिशांना फाटे फुटलेले असतात. हॉपरचं, म्हणजे फांदी ज्यातून आत घालतात त्या नसराळ्याचं, बाहेरचं तोंड फूट-दीड फूट रुंद दिसतं, तरी आतला गळा, म्हणजे पात्यांपाशी फांदी शिरते ती जागा, चार-पाच इंचांचीच असते. फाटा त्या गळ्याशी अडला की फांदी मागे ओढा, कोयत्याने फाटा तोडा, पुन्हा घाला. निम्मा वेळ यात जातो. म्हणून टेप घेऊन जा आणि गळ्याची रुंदी-उंची स्वतः मोजा. दोन मशीनमध्ये हॉर्सपॉवर सारखी असेल तर मी गळा मोठा असलेलं घेईन, पात्यांचा फिरता ड्रम जड असलेलं घेईन आणि रंगरूप बघणार नाही.

दुसरं, श्रेडर आणि चिपर यांत गल्लत करू नका. श्रेडरमध्ये सुटे हातोडे फिरतात, ते पालापाचोळा आणि काटक्या ठेचतात. चिपरमध्ये जड ड्रमवर किंवा चकतीवर धारदार पाती बसवलेली असतात, समोर एक स्थिर पातं असतं आणि या दोहोंमधल्या बारीक फटीत लाकूड कातरलं जातं. दोन्ही कामं करणारी मशीनही मिळतात. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, कारण आमचा पालापाचोळा खतखड्ड्यात आधीच जातो.

प्रदर्शनातून तीन विक्रेत्यांची नावं घेऊन आलो. जानेवारीत त्यांना एकच अट घातली: फांद्या आमच्या, मशीन तुमचं. दोघे तयार झाले. टेम्पोत मुद्दाम वाईटात वाईट माल भरला, वाकडे गुलमोहर, वाळलेली सुबाभूळ, अशोकाच्या पानांनी भरलेल्या डहाळ्या. सात हॉर्सपॉवरचं, साधारण दोनशे सीसीचं मशीन ओल्या करंजापर्यंत छान चाललं. वाळक्या सुबाभळीला दोन इंचांतच त्याचा दम निघाला, इंजिन बंद पडलं. पंधरा हॉर्सपॉवरच्या, चारशे-सव्वाचारशे सीसीच्या मशीनने ओली तीन इंची फांदी स्वतः ओढून घेतली. वाळकीला मात्र तेही हळू झालं, थांबून थांबून घालावी लागली. रोलरने फांदी आत ओढणारी मोठी मशीनही असतात, पण त्यांची किंमत आणि वजन बघून आम्ही नमस्कार केला.

त्या दिवशी आणखी काही गोष्टी बघितल्या. सेंट्रिफ्यूगल क्लच आहे का? असला तर दोरी ओढताना जड ड्रम फिरवावा लागत नाही, इंजिन आधी सुरू होतं आणि वेग वाढला की ड्रम फिरायला लागतो. चारशे सीसीच्या इंजिनची दोरी माझ्याने पहिल्यांदा जेमतेम ओढली गेली. बॅटरी-स्टार्ट हवा असेल तर पैसे जास्त, आम्ही घेतला नाही. हॉपर उघडला की इंजिन बंद करणारा स्विच आहे का? ढलप्या बाहेर टाकणारं धुराडं फिरतं का आणि त्याखाली गोणी उभी राहते का? पाती दोन्ही बाजूंनी धारेची आहेत का, म्हणजे एक बाजू बोथट झाली की उलटवता येतात का? सर्वांत महत्त्वाचं, पाती आणि ड्रम फिरवणारा पट्टा पुण्यात मिळतो का? एका विक्रेत्याने “मागवून देऊ” म्हटलं. दुसऱ्याने कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. आम्ही दुसऱ्याकडून घेतलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. मशीन करासह १,२४,०००, वाहतूक आणि उतरवणं २,५००, जादा पात्यांची जोडी ५,५००, पट्टा ९०० आणि सुरक्षेचं सामान ४,२०० असा आकडा मांडला. “वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला सव्वा लाख?” हा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर होतं ते मागच्या तीन वर्षांच्या टेम्पोच्या पावत्यांचं आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या पत्रांचं. त्या सोसायट्या तासाच्या हिशेबाने पैसे देऊन मशीन वापरायला तयार होत्या, चालवणारी माणसं आमचीच असतील या अटीवर. पत्रं नसती तर ठराव पडला असता असं मला वाटतं. पंधरा-वीसपेक्षा कमी झाडं असतील तर माझं स्पष्ट मत आहे की विकत घेऊ नये, मशीन आणि माणूस दोन्ही आणणारा ठेकेदार गाठावा. फक्त त्याला एप्रिलमध्येच तारीख मागा, मेच्या अखेरीस कुणी फोन उचलत नाही.

मशीन आलं तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. तेव्हा मार्चचा मध्य उलटेपर्यंत ते पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिलं. नंतरही आम्ही सकाळी साडेदहा ते साडेबारा एवढाच वेळ ठेवला, आदल्या दिवशी ग्रुपवर आणि जिन्यातल्या फळ्यावर सूचना लावून. तक्रारी आल्या, पण भांडणं झाली नाहीत. पार्किंगमध्ये किंवा छताखाली मात्र हे कधीही सुरू करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. नवीन इंजिन बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतं. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या इंजिनला साधारण १.१ लिटर १०डब्ल्यू-३० ऑइल लागलं. मशीन सपाट जागी ठेवून कांडीवर पातळी बघायची. पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं, पुढचं शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या धुळीत एअर फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या आधीच काळा होतो, म्हणून आम्ही दर वापरानंतर झटकतो.

पेट्रोलचं वेगळंच. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते योग्यच आहे. धातूचा झाकणवाला कॅन घेतला. स्वतःच्या वापरासाठी एकूण तीस लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना लागत नाही, पण आम्ही पाच लिटरच्या वर ठेवत नाही. वापर तासाला दोन लिटरच्या आसपास, म्हणजे २०२५च्या भावाने सव्वादोनशे रुपयांच्या आत. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि महिनाभर उभ्या मशीनच्या कार्ब्युरेटरमध्ये घाण धरते. म्हणून काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. चहा घ्या, मग ओता.

चालवण्याबद्दल. फांदी नेहमी जाड बुंध्याकडून आत घालायची. पात्यांनी पकडली की हात सोडायचा, मशीन स्वतः ओढून घेतं. समोर नाही, बाजूला उभं राहायचं, कारण फांदीचं मागचं टोक आत जाताना चाबकासारखं उसळतं. इंजिन पूर्ण वेगात असतानाच घालायचं. आवाज खाली आला की थांबायचं, पुन्हा चढला की पुढची. आखूड तुकडे हाताने आत ढकलायचे नाहीत, ते लांब फांदीच्या मागे जातात किंवा लाकडी दांडक्याने. जाळीचा मुखवटा, कानावर मफ, बूट, अंगाला घट्ट कपडे. ओढणी, उपरणं, गळ्यातला टॉवेल, मनगटाला रुंद तोंडाचे हातमोजे, काहीही लोंबतं नको. माळीकाकांचा खांद्यावरचा पंचा सोडवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. अडकलं तर इंजिन बंद, प्लगची टोपी काढायची, ड्रम पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची आणि मगच उघडायचं. ड्रम जड असतो, इंजिन बंद झाल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. आमच्याकडे दोनच माणसं मशीन चालवतात आणि किल्ली ऑफिसात असते.

झाडाझाडाचा स्वभाव महिनाभरात कळला. करंज आणि आंबा ओला असताना सुरेख कातरला जातो. छाटल्यावर दोन-तीन दिवसांत घातला तर पाती टिकतात, वाळू दिला तर धूळ आणि बोथट धार. वड-उंबराचा चीक पात्यांना चिकटतो, मधे दोन वाळक्या फांद्या घातल्या की साफ होतो. अशोकाची आणि कुठलीही ओली पानं नुसती घातली तर धुराड्यात गोळा होऊन बसतात, म्हणून एक पानांची आणि एक लाकडाची असं आलटून पालटून. नारळाच्या झावळ्या आम्ही घालतच नाही, त्यांचे तंतू आसाला गुंडाळतात. मुळं आणि मातीत पडलेल्या फांद्याही नाही, कारण एक खडा पात्यांच्या जोडीची धार घालवतो.

फांद्या वेगळ्या करताना तारा शोधा. दिवाळीच्या माळांच्या तारा फांद्यांना वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या असतात, मांजा असतो, कुणीतरी ठोकलेल्या पाट्यांचे खिळे असतात. आमच्याकडे एक माणूस फक्त हेच करतो, कोयता आणि पक्कड घेऊन. फाटे तोडणं आणि तारा काढणं हे जितकं नीट, तितकं पुढचं काम सुरळीत. चिपरला माणूस एकच लागतो, पण त्याला माल तयार करून द्यायला दोन लागतात, हा हिशेब कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

पात्यांची धार गेली हे तीन गोष्टींवरून कळतं: मशीन फांदी आपणहून ओढेनासं होतं, ढलप्यांऐवजी रेषारेषांचा चोथा येतो आणि हादरा वाढतो. आमची पहिली बाजू बारा-पंधरा तास चालली, मग उलटवली. दोन्ही बाजू संपल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडिंग, म्हणजे मशीनवर सपाट घासून धार, करून घेतलं, जोडीचे ६०० रुपये. दोन सूचना देऊन ठेवा: पाण्याच्या धारेखाली घासा, पातं निळं पडलं तर कडकपणा गेला. आणि दोन्ही पात्यांतून सारखंच घासा, वजनात फरक पडला की ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं. बसवताना नट नवे, आणि स्थिर पात्याशी फट मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. फीलर गेज रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्य छाटणी लावली होती. २०२५ मध्ये मॉन्सून पुण्यात २६ मेलाच आला आणि त्याच्या आधीही वळवाने झोडपलं, त्यामुळे शेवटच्या फांद्या ओल्याचिंब अवस्थेत घालाव्या लागल्या. धुराडं दर अर्ध्या तासाने साफ करत काम संपवलं. टेम्पोभर फांद्यांच्या आठ-दहा गोण्या होतात असा आमचा अंदाज आहे.

ढलप्यांचं काय, हा प्रश्न मला आधी छळत होता, नंतर त्या पुरेनात. झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंचांचा थर देतो, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर बुंधा कुजतो. इमारतीच्या पायाला लागून टाकत नाही, वाळवीच्या भीतीने. बाकीच्या वाळवून खतखड्ड्याशेजारी ठेवतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर रोज दोन घमेली टाकल्या की वास जातो आणि पाणी सुटत नाही, पूर्वी यासाठी आम्ही कोकोपीट विकत घ्यायचो. ताज्या ढलप्यांचा मोठा ढीग मात्र आतून चांगलाच तापतो. तो उन्हात पसरावा, गोण्या घट्ट बांधून ठेवू नयेत.

तीन इंचांच्या वरचे ओंडके अजूनही टेम्पोतच जातात, पण आता एकाच खेपेत. शेजारच्या एका सोसायटीने यंदा ठरलेल्या तासांचे पैसे दिले, दुसरीने अजून दिलेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये पुन्हा अशोक कातरायचे आहेत, त्याआधी पट्ट्याचा ताण बघायचा आहे आणि ड्रमच्या बेअरिंगला ग्रीस द्यायचं आहे. तसं तारखेसकट मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं आहे.